शनिवारचा कीपर

आमच्या टीमला दोन कीपर होते. रविवारचा एलू आणि शनिवारचा मी. रविवारच्या कीपरला पेणपासून माणगावपर्यंत लोक ओळखायचे. शनिवारच्या कीपरला त्याची स्वतःची बायको विचारायची, "अवो, आज तुम्ही नक्की कुठं उभे होता?"

टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा आमच्याकडे शनिवार-रविवारी भरतात. भात कापून झालं की कुणाचं तरी ऐसपैस शेत मागून घ्यायचं, मधला बांध मोडायचा, माती ठोकून पिच करायचं आणि वालाची पेर सोडून जागा देणाऱ्या त्या भल्या माणसाला नारळ फोडायचा मान द्यायचा. शनिवारी पहिल्या फेऱ्या. टळटळीत ऊन, आणि प्रेक्षक म्हणजे हरून बसलेल्या टीमा नि दोन-चार कुत्री. रविवारी सेमी आणि फायनल. तेव्हा मंडप, पाहुणे, फेटे, आणि स्पीकरवर कॉमेंट्री. म्हणजे मी उन्हात मरून टीमला रविवारपर्यंत ओढून आणायचं आणि रविवारी एलूने हात धुऊन स्टंपामागे उभं राहायचं. तेव्हा मी कुठे? तर लांब, बाऊंड्रीवर, जिकडे बॉल फारसा येत नाही तिकडे. माझा स्वभाव मुळात तिखट नव्हता, या शनिवारांनी तो केला.

एलू म्हणजे एलियाह सामाजी अष्टमकर. कोलाडच्या अलीकडे आमचं गाव, त्यात इस्रायली म्हणजे ज्यू लोकांचं हे एकच घर. त्याचे आजोबा रोह्याच्या अष्टमीतून तेलाचा घाणा घेऊन इथे आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढे घाणा गेला, पण शनिवार राहिला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी त्या घरातली सगळी कामं आटपायची आणि शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत चूल नाही, काम नाही, पैशाला हात नाही. पोरवयात मी त्याच्याशी यावरून भांडलोय.

"बॉल अडवणं हे काय काम हाय?" मी म्हणायचो. "खेळ तर हाय."

"तुझा खेळ असंल," तो म्हणायचा. "माझं ते कामच हाय."

आणि ते खरं होतं. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये कीपरला ग्लोव्हज नसतात, उघड्या हातांनी ठेवायचं. बहुतेक कीपर जोरात टाकणाऱ्याला मागे सरकतात. एलू कधी सरकला नाही. स्टंपाला चिकटून बसायचा, आणि कोंबडीखालून अंडं काढावं तसा बॉल काढायचा, कोंबडीला कळायचंसुद्धा नाही. डाव्या हाताची मूठ गुडघ्यावर टेकली की बॉलरने स्लो टाकायचा, अंगठा आत दाबला की पायात. बॉलर कोणी का असेना, मॅच एलूच टाकायचा. धाटावच्या कंपनीत त्याला नोकरी होती, पण शनिवारची शिफ्ट लागली की दर वेळी रजा, मग मेमो, शेवटी त्याने कंपनीच सोडली. आठवडाभर शेतावरचे पंप दुरुस्त करायचे आणि रविवारी क्रिकेट. मोठ्या टुर्नामेंटांना वडखळचे आणि पेणचे संघ त्याला जीप पाठवून न्यायचे, मानधन देऊन. त्यावर त्याने घर चालवलं, मुलीला, शीराला शिकवलं. आमच्या पंचक्रोशीत क्रिकेटवर पोट भरलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसची माणसं त्याला बघून गेली. टीमसाठी कायमची नोकरी, राहायला खोली. निवडीच्या दिवशी गाडी थेट दारात आली. वार शनिवार. सामाजीकाका ओटीवर बसून होते, हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. एलूने ड्रायव्हरला पाणी दिलं आणि सांगितलं, "उद्या या." उद्या कोणी आलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर गाडीच्या टपावर बसून गेलो असतो, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "तू गेलास तर शनवारचं कोण ठेवील?"

शनिवारी तो मॅच बघायला मात्र यायचा. प्रार्थना, जेवण आटपून, पांढराशुभ्र शर्ट घालून, चालत. पिचच्या बरोबर बाजूला, बांधावर बसायचा. पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. माझ्या हातून स्टंपिंग सुटायची. फलंदाज पुढे गेला हे मला कळेपर्यंत तो घरी जाऊन जेवून परत आलेला असायचा. एका शनिवारी मी पाहिलं, एलू बांधावर बसून सारखी टोपी उचलतोय. मला वाटलं, माश्या असतील. मॅच संपल्यावर त्याने सांगितलं, "फलंदाज पुढं यायच्या आधी त्याची मागची टाच उठते. तुला मागून नाय दिसत. मला इथून दिसते. मी टोपी उचलली की तू बेल्स उडवायच्या तयारीत रहा."

"आणि हे काम नाय व्हय?" मी विचारलं.

"टोपी नीट बसवणं हे जर काम असंल, तर शनवारी मी डोकं खाजवू पण नको."

तेव्हापासून माझं बरं चालायला लागलं. बॉल पडायच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून बांधाकडे बघायचं, टोपी उचलली की हात घेऊन तयार. शनिवारच्या मॅचांत माझ्या नावावर बऱ्याच स्टंपिंग लागल्या. आम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. घरात मालूलासुद्धा नाही. तिच्या मते नवरा सुधारला होता.

अशी वर्षं गेली. आम्ही म्हातारे झालो, पण टुर्नामेंटा आमच्यासाठी थांबल्या नाहीत. आता चाळीस प्लसच्या भरतात. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे, आणि मोबाईलवर लाइव्ह. टीमचा कॅप्टनही मीच झालो, कारण बाकी कुणाला पंधरा जणांना फोन करायची हौस नव्हती. एलू रविवारी, मी शनिवारी, हे तसंच चालू होतं. मग दिवाळीनंतर एलूने सांगितलं की तो आणि एस्थर वैनी शीराकडे इस्राएलात अश्दोदला चाललेत. कायमचे. वैनींच्या गुडघ्यांनी जिना चढवत नाही, इथे वेळेला धावायला त्यांचं माणूस नाही, आणि तिकडे नातू आजोबांना फक्त फोनवर ओळखतो. सगळं बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं.

जायचा दिवस ठरला माघातला सोमवार. त्याच्या आदल्या रविवारी आमच्याच गावात चाळीस प्लसची फायनल. एलूची शेवटची मॅच घरच्या मैदानावर, फायनल, रविवार. इतकं जुळून आलेलं की मी म्हटलं, चला, देवाने एकदा तरी वेळापत्रक नीट पाहिलं.

पण वेळापत्रक आमच्या कमिटीच्या पोरांनी केलं होतं. त्यांनी मोबाईलमध्ये शनिवार-रविवार पाहिले, तिथी पाहिली नाही. म्हाताऱ्यांना वाटलं पोरांनी पाहिली असेल. गुरुवारी गुरव पालखीची वाट तपासायला शेतातून आला, पिचपाशी थांबला आणि म्हणाला, "रविवारी माघी पुनव. देवीची पालखी इथून जाते. हे काय करून ठेवलंत?" दरवर्षी ती पालखी त्याच शेतातून जाते. सगळ्या गावाला माहीत. कुणाला आठवलं नाही. पालखीची वाट बदलायची नसते, तेव्हा टुर्नामेंट बदलली. सगळं शनिवारीच उरकायचं. सकाळपासून मॅचा, आणि संध्याकाळी लाइट लावून फायनल.

म्हणजे फायनलचा कीपर मी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आधी आनंद झाला, वाईट नंतर वाटलं, आणि वाईट वाटल्यावरही आनंद गेला नाही. आयुष्यात एकदा फायनल ठेवायला मिळावी, स्पीकरवर आपलं नाव यावं, एवढंच मी देवाकडे मागत आलो होतो. मालूने रोह्याहून भावाला बोलावलं, नवी साडी काढली. "बघा हं," ती म्हणाली, "बॉल पकडा म्हंजे झालं."

शुक्रवारी दुपारी एलू मैदानावर आला. मी चुन्याच्या रेघा मारत होतो. त्याने उकिडवं बसून पिचवर अंगठा दाबून पाहिला.

"उसळणार नाय," तो म्हणाला. "खाली बसून रहा. लवकर उठू नको, तुझी ती खोड हाय."

"फायनलचा बॉल वेगळा असतो काय रे?"

"बॉल तोच असतो. आपले पाय जड होतात." मग म्हणाला, "बरं झालं जनू. मी असतो तर तू परत बाऊंड्रीला उभा."

"तुला वाईट नाय वाटत?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "वाटणार नाय तर काय." उठताना त्याने स्टंपांवरून हात फिरवला आणि सूर्याकडे बघून घराकडे निघाला.

शनिवारी आम्ही एक-एक करून सगळ्या मॅचा काढल्या. एलू बांधावर, टोपी जागेवर. फायनलला समोर हमरापूर. त्यांचा कॅप्टन गुणाजी, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असलेला. माघी गणपती झाले की ते लोक मोकळे होतात, म्हणून दरवर्षी याच दिवसांत येतात, नखांतला रंग तसाच घेऊन. गुणाजीला एलूने इतक्या वेळा स्टंप केलं होतं, की एलू मागे असला की गुणाजीचा पाय क्रीज सोडायचा नाही. मी मागे असलो की मात्र तो वरातीत नाचावं तसा पुढे यायचा.

टॉसला त्याने विचारलं, "एलू कुठाय?"

"बांधावर. शनवार हाय."

"परवा जातोय ना तो?"

"व्हय."

गुणाजीने बांधाकडे पाहिलं. "मग ह्या फायनलला काय मजा रे," तो म्हणाला. मला राग आला. मी काय शोभेला उभा होतो?

आमची बॅटिंग आधी. आठ ओव्हरांत साठच्या थोड्या वर रन झाले, म्हणजे बरे. आम्ही फील्डिंगला उतरलो तेव्हा सूर्य मावळला होता आणि लाइट लागले होते. कॉमेंट्रीवाला म्हणाला, "आणि यष्टीमागे उभे आहेत, आपल्या गावचे अनुभवी, जनार्दन ऊर्फ जनू!" मालूने टाळ्या वाजवल्या, तिच्या भावाने शिट्टी मारली. पहिल्या दोन ओव्हर मी इतक्या चांगल्या ठेवल्या, की माझा मलाच विश्वास बसेना. एक कॅचही घेतला, खालून, बसूनच.

तिसऱ्या ओव्हरला सवयीने बांधाकडे पाहिलं. लाइटचा उजेड तिथवर पोचत होता. एलू बसला होता, पण नुसता बसला नव्हता. बॉलर धावायला लागला की तो दोन्ही हात पुढे घेऊन पंजे उघडायचा, बॉल आला की अंग थोडं वर, आणि बॉल माझ्या हातात पडला की त्याचे हात मिटायचे. त्याला स्वतःला ते कळत नसावं. बसल्या जागी तो कीपिंग करत होता. आणि त्याच्या बाजूला एस्थर वैनी उभ्या राहून मान वर करून आभाळात बघत होत्या.

मी ओव्हर मोजल्या. अजून पाच ओव्हर होत्या. पाच ओव्हर म्हणजे किती वेळ? झटपट टाकल्या तर काहीच नाही. आणि नाही टाकल्या तर?

मी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला बसलो.

पुढच्या बॉलनंतर दुसरी नाडी. मग बॉलरला बोलावून त्याच्याशी लांबलचक बोललो. तो बिचारा मान डोलवत होता, कारण मी त्याला त्याच्या म्हशीबद्दल विचारत होतो. एक चौका शेजारच्या वालाच्या शेतात गेला, तर पोरांना थांबवून मी स्वतः शोधायला गेलो आणि जिथे बॉल पडला नव्हता तिथे नीट शोधला. मग मी अंपायरकडे तक्रार केली की बॉल मऊ पडलाय. मग पाणी मागवलं. लोक ओरडायला लागले. कॉमेंट्रीवाला म्हणाला, "जनूभाऊंना आज कसलीच घाई नाही असं दिसतंय." मालूने साडीचा पदर तोंडाला लावला. फायनलला नवऱ्याचं नाव झालं ते असं.

गुणाजी खेळायला आला होता. नॉन-स्ट्रायकरला उभा असताना तो माझ्याजवळ चालत आला. "जनू, काय लावलंयस हे? पुनव उद्या हाय, तोपर्यंत खेळायचंय काय?"

"तारे बघायचेत," मी हळूच म्हणालो. "तीन."

मग त्याने बांधाकडे पाहिलं, वैनींच्या वर केलेल्या मानेकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. परत जागेवर गेला आणि अंपायरला म्हणाला, "माझी बॅट बदलायची हाय." मंडपातून बॅटा आल्या. त्याने प्रत्येक बॅट मूर्ती तपासावी तशी उलटसुलट पाहिली आणि पहिलीच परत घेतली. पुढच्या ओव्हरला त्याच्या डोळ्यात काहीतरी गेलं. मग ते दुसऱ्या डोळ्यात गेलं. अंपायर आमच्या दोघांकडे बघून म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाला तरी जिंकायचं हाय का?"

पण तारे दिसेनात. एक तर लाइट, त्यात चतुर्दशीचा चंद्र वर आलेला, गोलच्या गोल. वैनी डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. मग त्या बांध उतरून मागच्या अंगाला निघाल्या, जिथे पेंढ्याच्या उडवीची सावली पडली होती. मालूने त्यांना गुडघा सांभाळत जाताना पाहिलं आणि मागोमाग धावली. "थांबा गो वैनी, पडाल," असं म्हणत दोघी उडवीमागच्या अंधारात गेल्या.

सातवी ओव्हर संपली. हमरापूरला शेवटच्या ओव्हरमध्ये आठ रन हवे होते. माझ्याकडच्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या. नाड्या तर इतक्या वेळा बांधल्या होत्या की गाठ सुटत नव्हती. तेवढ्यात उडवीमागून मालूचा आवाज आला. आमच्या मालूला बोलावणं करायला स्पीकर लागत नाही.

"अवो, तीन झाले! वैनीनी पण मोजले, मी पण मोजले!"

मी मांडी धरून खाली बसलो. नाटक वाईट होतं, कारण धरली उजवी आणि लंगडलो डाव्या पायाने. अंपायर म्हणाला, "राखीव खेळाडू येऊ शकतो, पण त्याला कीपिंग करता येणार नाय."

"समोरच्या कॅप्टनची हरकत नसली तर येतं," मी म्हणालो.

"हरकत नाय," गुणाजी लगेच म्हणाला. "लवकर आणा. म्हंजे हा तमाशा तरी बंद होईल."

मी लंगडत, मग लंगडायचं विसरून, बांधापाशी गेलो. एलू उठला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरले होते.

"तू चांगला ठेवत होतास," तो म्हणाला. "फायनल तुझी हाय. जा."

"शनवार संपला," मी म्हणालो. "माझी ड्युटी संपली. तुमच्याकडं रविवार लागला ना आता? मग ऊठ."

वैनी आल्या होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरची माती झटकली. एलू उभा राहिला. डोळे मिटून त्याने शनिवार संपवायच्या प्रार्थनेचे दोन शब्द पुटपुटले, चपला काढल्या, पँट दुमडली आणि अनवाणी मैदानात गेला. कॉमेंट्रीवाला म्हणाला, "यष्टीमागे, एलू अष्टमकर." एवढंच. लोक उभे राहिले.

मी बांधावर बसलो. त्याच्याच जागी. मातीत त्याच्या बसण्याचा खळगा होता. इतक्या वर्षांत मी इथे कधी बसलो नव्हतो, शनिवारी मी आत असायचो आणि रविवारी लांब. बसलो आणि समोर पाहिलं, तर सगळं दिसत होतं. फलंदाजाची टाच, गुडघा, बॅटीची दांडी, आणि कीपर. कीपर तर इतका स्वच्छ दिसत होता की त्याची बोटंसुद्धा मोजता आली असती. माझं लवकर उठणं, माझे मागे राहणारे हात, सुटलेले बॉल, सगळं त्याने इथून बघितलं असणार, शनिवारामागून शनिवार. त्यातलं त्याने मला एकच सांगितलं होतं, आणि बाकी सगळ्यावर टोपी उचलून पांघरूण घातलं होतं. शनिवारी ठेवणारे आम्ही दोघं होतो. नाव माझं लागत होतं.

एलूने मूठ गुडघ्यावर टेकली. बॉलरने स्लो टाकला. एक रन. मग दोन. मग एक बॉल बॅटीला चुकवून एलूच्या हातात गेला आणि आवाजसुद्धा झाला नाही. मग पुन्हा एक, आणि पाचव्यावर दोन. एलू मागे आल्यापासून गुणाजीचा पाय क्रीजला खिळला होता. शेवटच्या बॉलला दोन रन हवे होते, आणि समोर गुणाजी. उभ्या उभ्या त्याच्याने ते होणार नव्हतं. त्याला पुढे यावंच लागणार होतं, पण कधी, ते त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

बॉलर धावला. आणि मला दिसली. गुणाजीची मागची टाच, बोटभर, मातीवरून उठली.

मी टोपी उचलली.

एलूची नजर बांधाकडे आली. ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणाकडे बघून बॉल धरला नाही, त्याने माझ्याकडे पाहिलं. गुणाजी पुढे आला, बॅट फिरली, बॉल खालून गेला, आणि बेल्स उडाल्या. अंपायरचं बोट वर जायच्या आधीच गुणाजी वळून हसत होता. आम्ही जिंकलो होतो, पण तोच एलूच्या गळ्यात पडला. "इतक्या वर्षांनी तुझ्यासमोर पुढं आलो," तो म्हणाला, "आणि तुला आधीच कसं कळलं रे?"

तेव्हा एलूने त्याला टोपीची गोष्ट सांगून टाकली. गुणाजीने मला शिव्या घातल्या. चांगल्या, मनापासून.

बक्षिसाला कमिटीने बेस्ट कीपर म्हणून एलूचं नाव पुकारलं. त्याने माईक हातात घेतला. "आज शनवार होता," तो म्हणाला. "शनवारचा कीपर जनू हाय. माझा रविवार आत्ता लागलाय, तो जमेस धरू नका." आणि मंडपात बसलेल्या मला त्याने हाताला धरून वर नेलं. ती ट्रॉफी आमच्या टीव्हीवर आहे. मालू रोज पुसते.

दुसऱ्या दिवशी पालखी पिचवरून गेली. पोरांनी स्टंप आधीच काढले होते. दुपारी एलूच्या घरी मलिदा होता. पोहे, खोबरं, गूळ, केळी, आणि प्रवासाला आशीर्वाद मागायची त्यांची गाणी, मराठीतली. सोमवारी पहाटे मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत आम्ही पेणपर्यंत क्रिकेटवर बोललो. उतरताना मी विचारलं, "खरं सांग, त्या शेवटच्या बॉलला तुला माझी टोपी दिसली, की तुझं तुलाच कळलं होतं?"

"टोपी दिसली," तो म्हणाला. खरं की खोटं, मी पुन्हा विचारलं नाही.

परवा पेणला टुर्नामेंट होती. शनिवारी मी ठेवलं. रविवारीही मीच ठेवलं, कारण आता दुसरं कोणी नाही. सेमी हमरापूरशी पडली. कॉमेंट्रीवाल्याने माझं पूर्ण नाव घेतलं, मंडप होता, पाहुणे होते, सगळं होतं. ज्या रविवारांसाठी मी एवढी वर्षं कुढलो, ते सगळे आता माझे आहेत, आणि मला त्यांतला एकही नकोय. मला माझे शनिवार हवेत.

गुणाजी खेळायला आला. बॉलर धावायला लागला तसं मी सवयीने बाजूला पाहिलं. तिथे मोटरसायकली लावल्या होत्या. तेवढ्यात गुणाजी पुढे आला, बॉल त्याला चुकवून माझ्याकडे आला, आणि माझे हात उशिरा पोचले. त्याला परत यायला भरपूर वेळ होता. तो सावकाश क्रीजमध्ये आला, बॅट टेकली, आणि मी जिकडे पाहिलं होतं तिकडे त्यानेही पाहिलं.

"टोपी नाय ना," तो म्हणाला.

"नाय," मी म्हणालो, आणि पुढच्या बॉलला खाली बसलो.